केबिनचे आतले भाग: पत्रा ठोकावा की थ्रीडी प्रिंट काढावी?

जुना लष्करी ट्रक पुन्हा उभा करताना इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचं सामान नेट लावून शोधलं तर मिळतं. हात टेकायला लावते ती केबिन. लष्करातून बाहेर पडल्यावर हे ट्रक वर्षानुवर्षं ओझी वाहत राबले, आणि त्या काळात मीटरचं पॅनल, दारांचे आतले पत्रे, कप्प्यांची झाकणं यांची कुणी कदर केली नाही. नवं मीटर बसवायचं म्हणून भोक मोठं केलं, अडचण झाली म्हणून झाकण कापून टाकलं, असं चालायचं. हे भाग नव्याने करण्यावाचून गत्यंतर नसतं.

करायचे तर दोन रस्ते समोर येतात. हाताने पत्रा कापून, वाकवून, ठोकून करायचे किंवा संगणकावर आखून थ्रीडी प्रिंट काढायची. मी एकाच ट्रकवर दोन्ही करून पाहिलं. गाद्या आणि कॅनव्हासचं छप्पर इथे धरलेलं नाही, तो शिवणकामाचा प्रांत आहे.

माझा ट्रक शेव्हरलेचा सीएमपी, म्हणजे ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या कॅनडातल्या कारखान्यांनी राष्ट्रकुलातल्या फौजांसाठी असे चार लाखांवर ट्रक बनवले. केबिनच्या ११, १२ आणि १३ नंबर अशा पिढ्या झाल्या. माझी १३ नंबरची, १९४२ पासून पुढची. हिच्या पुढच्या काचा खालच्या बाजूला आत ओढलेल्या असतात. उन्हाची चमक वर आकाशात जाऊन विमानाला दिसू नये, हा त्यामागचा एक हेतू. नाक आखूड ठेवल्यामुळे इंजिनचा मोठा भाग केबिनमध्येच शिरतो. शेव्हरलेत २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं, फोर्डात २३९ घनइंचांचं व्ही-८. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली ते धगधगत असतं. त्यामुळे केबिन अडचणीची, गरम, आणि आतला एकही भाग सरळ चौकोनी नाही. डॉज डब्ल्यूसी किंवा जीएमसी सीसीकेडब्ल्यूसारख्या लांब नाकाच्या, इंजिन बाहेर असलेल्या ट्रकवर तुम्ही काम करत असाल, तर पुढे मी उष्णतेबद्दल जे म्हणतो ते तुम्हाला तितकं जाचणार नाही.

प्रिंटची बाजू आधी सांगतो, कारण मी सुरुवात तिथूनच केली. पहिल्यांदा काढलं ते चोकच्या दांडीचं बटण. जुनं बटण अर्धं फुटलेलं होतं. उरलेल्या अर्ध्याची मापं व्हर्नियरने घेतली, संगणकावर ते पूर्ण केलं आणि संध्याकाळपर्यंत नवं बटण हातात आलं. कडेच्या बारीक खाचासुद्धा जशाच्या तशा. हे काम पत्र्यात होतच नाही आणि लेथवर करायचं तर त्या खाचा पाडण्यातच दिवस जातो. मीटरभोवतीची गोल कडी, वायरी पत्र्यातून जातात तिथलं टोपण, दिव्याच्या बटणाखालची चकती, या सगळ्यात प्रिंटने मला खूश केलं. बोटाच्या पेरापासून तळहाताएवढ्या भागांपर्यंत, वळणदार आकार असेल तर प्रिंटला तोड नाही. शिवाय एकदा आखलेलं चित्र कायम राहतं. तसाच ट्रक दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते पाठवता येतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तेवढ्या उत्साहात मी मीटरचं पॅनल प्रिंटमध्ये करायला घेतलं.

उष्णतेचा विचार केला होता. प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे बंद केबिनमध्ये उन्हात ते चालणार नाही हे उघड होतं. दुसऱ्या प्लास्टिकांपैकी पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास. मी एएसए घेतलं, कारण ते उन्हाला जास्त सोसतं. पॅनल माझ्या यंत्राच्या पाटापेक्षा लांब, म्हणून तीन तुकड्यांत काढून आतून पट्ट्या लावून जोडलं. घासलं, लांबी (पुटी) भरली, पुन्हा घासलं, प्रायमर मारला, वर मंद हिरवा रंग. समोरून पाहिलं तर पत्र्याचंच वाटत होतं. तिरप्या उजेडात मात्र थरांच्या रेघा आणि दोन्ही जोड दिसायचे. चकाकी नसलेला रंग दोष झाकतो असं म्हणतात, माझा अनुभव उलटा आहे.

तरीही मी ते ठेवलं असतं. माझं मन फिरलं ते बसवताना.

ऐंशी वर्षांची केबिन गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. माझ्या केबिनची दोन दारं एकमेकांशी जुळत नाहीत, डाव्या बाजूची चौकट उजवीपेक्षा जराशी पुढे झुकलेली आहे. कधीतरी कुठेतरी ठोकर बसली असणार. मी माप घेऊन पॅनल आखलं होतं, पण माप घेतलं ते दोन टोकांमधलं. पिळाचं माप घेता येत नाही, निदान मला आलं नाही. पॅनल लावलं तर तीन कोपरे बसले आणि चौथा, इंजिनच्या झाकणाशेजारचा खालचा डावा, चार मिलिमीटर हवेत. बोटाने दाबला की जागेवर जायचा, सोडला की वर यायचा. स्क्रूने ओढून घ्यावा तर भोकापाशी तडा जाणार हे दिसत होतं.

परत संगणकावर बसलो. कोपरा चार मिलिमीटर वळवला, तो तुकडा रात्रभर पुन्हा काढला. सकाळी लावून पाहिलं तर कोपरा बसला, पण वरची कड काचेच्या चौकटीपासून सुटली. पुन्हा आखणी, पुन्हा रात्र. तिसऱ्या खेपेला नीट बसलं आणि मी निश्चिंत झालो. पुढच्या आठवड्यात केबिनखालचे रबर बदलले, बोल्ट कसले, आणि केबिन आपल्या नव्या जागी बसताना जरा हलली. दार उलट चांगलं लागायला लागलं. पॅनलचा तोच कोपरा मात्र आता उलट दिशेला, दोन मिलिमीटर आत दाबला गेला, आणि पहिल्याच फेरीत खड्ड्यावरून गेल्यावर जोडापाशी उकलला.

त्या दिवशी मी पुठ्ठा घेतला. केबिनमध्ये बसून, हाताने दाबत, पेन्सिलने कडा ओढत पुठ्ठ्याचं पॅनल कापलं. पिळाचं माप वेगळं घ्यावंच लागलं नाही, पुठ्ठा आपोआप पिळात बसतो. तो आकार २० गेजच्या पत्र्यावर, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या, टोकदार सळईने ओरखडून घेतला. कात्रीने कापला, कानस मारली, दोन लाकडी फळ्यांत आवळून मोगरीने कडा दुमडल्या. मीटरची भोकं गोल पातं लावून पाडली. लावून पाहिलं, तर हाही कोपरा थोडा उचललेलाच होता. फरक पुढे आहे: पॅनल काढलं, कोपऱ्याखाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरली, हातोडीचे चार टोले हलक्या हाताने दिले, परत लावलं. बसलं. चहा गार होण्याआधी. त्यानंतर केबिन आणखी एकदा हलली आहे, तेव्हाही तसेच दोन टोले पुरले.

माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीवर लागला. प्रिंट काढलेला भाग चुकला तर तो पुन्हा जन्माला घालावा लागतो, पत्र्याचा भाग समजावून सांगता येतो. जुन्या गाडीत चूक कितीची आहे हे भाग बसवेपर्यंत कळत नाही, म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो. तुमची केबिन सरळ असेल, किंवा तुमच्याकडे थ्रीडी स्कॅनर असून पिळासकट आकार उचलता येत असेल, तर तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बरा असू शकेल.

दोन बारीक गोष्टी नंतर लक्षात आल्या, त्या सांगून ठेवतो. प्लास्टिक तापल्यावर लोखंडाच्या सहा-सात पट पसरतं. दोन फुटी पॅनल तीसेक अंशांनी तापलं तर लोखंडी चौकटीपेक्षा ते मिलिमीटरभर सहज जास्त वाढतं, आणि स्क्रूची भोकं गोल ठेवली असतील तर तिथेच ताण येतो. प्रिंटच करायची असेल तर मधलं भोक गोल ठेवा आणि टोकांकडची भोकं लांबट. दुसरं म्हणजे अर्थिंग. जुन्या गाड्यांत पेट्रोलचं मीटर आणि पॅनलचे दिवे यांचं अर्थिंग बहुधा पत्र्यातूनच होतं. प्लास्टिकच्या पॅनलवर माझं पेट्रोलचं मीटर मनाला येईल ते दाखवत होतं आणि मी टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता भाग, दोषी धरून तो बाहेर काढला होता. मीटरच्या मागच्या बोल्टपासून बॉडीला एक वायर ओढल्यावर काटा शहाणा झाला. पत्र्याच्या पॅनलला तेही लागलं नाही, फक्त भोकाभोवतीचा रंग मागून खरवडावा लागला.

पत्रा सगळ्या बाबतींत चांगला, असं मात्र मी म्हणणार नाही. हाताला सवय लागेपर्यंत पत्रा वाया जातो. माझे पहिले दोन दुमड वाकडे गेले, कारण दुमडीत पत्र्याची लांबी थोडी खर्ची पडते हे मी आखताना धरलं नव्हतं. जास्त ठोकला की पत्रा ताणला जातो आणि मध्ये फुगवटा येऊन डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. मोठ्या सपाट भागाला मध्ये एखादी उठावदार रेघ काढावी लागते, नाहीतर इंजिन सुरू झालं की तो बोलत राहतो. दारांच्या आतल्या पत्र्यांमागे मी फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या तेव्हा खडखड थांबली. गंजाचं तर सांगायलाच नको: कापलेल्या प्रत्येक कडेला आणि भोकाला रेड ऑक्साइड लागलाच पाहिजे, मागच्या न दिसणाऱ्या बाजूलासुद्धा. आवाजही होतो. रात्री प्रिंट निवांत चालू ठेवता येते, पत्रा ठोकता येत नाही.

फायबरग्लासचा पर्याय मी एकदाच, इंजिनच्या झाकणासाठी पाहिला. आकार सुरेख येतो, पण साचा करायला लागला तेवढ्या वेळात पत्र्याचे दोन भाग करून झाले असते, आणि राळेचा वास केबिनमध्ये महिनाभर राहिला. ते झाकण मी काढून ठेवलं आहे. एकासारखे एक चार-पाच भाग करायचे असतील तर त्याचा विचार करावा.

मग आज माझ्या केबिनमध्ये काय आहे? पॅनल, दारांचे पत्रे, कप्प्याचं झाकण आणि इंजिनच्या झाकणाच्या पट्ट्या सगळं पत्र्याचं. बटणं, मीटरच्या कड्या, वायरींची टोपणं प्रिंटची, पितळी आट्या तापवून आत बसवलेली, म्हणजे वरचेवर खोलताना प्लास्टिकची आटी झिजत नाही. आणि एक काम प्रिंट मला अजून फार छान करून देते. गोलाई असलेला कोपरा पत्र्यात आणायचा तर खाली ठोकायला त्या आकाराचा ठोकळा लागतो. तो मी जाड भिंतीचा प्रिंट काढतो, पत्रा त्यावर आवळतो आणि मोगरीने हळूहळू उतरवतो. आठ-दहा भागांपर्यंत ठोकळा टिकतो, तेवढे पुष्कळ झाले.

तुम्ही निर्णयाच्या उंबरठ्यावर असाल आणि पत्र्याला कधी हात लावला नसेल, तर मीटरच्या पॅनलपासून सुरू करू नका. कप्प्याचं झाकण घ्या. चार दुमड, एक बिजागरी, एक कडी. पुठ्ठ्यात कापा, केबिनमध्ये धरून बघा, मग पत्र्यावर या. पहिलं बिघडलं तर त्याच पत्र्यातून वायरी आवळायच्या पट्ट्या निघतात. माझ्या पहिल्या झाकणाच्या सहा पट्ट्या आजही स्टिअरिंगच्या खांबामागे आहेत.