22 सेकंदांची प्रयोगशाळा: बोर्डोचं झीरो-जी विमान

वजनरहित अवस्थेत मानेतली शीर किती फुगते, हे मोजायला आमचा गट फ्रान्समधल्या बोर्डो-मेरिन्याकला गेला होता. नोव्हस्पेस कंपनीचं हे झीरो-जी, म्हणजे काही सेकंद वजनरहित करणारं एअरबस ए310 विमान मुळात पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग या विमान कंपनीचं, मग जर्मन सरकारचं. चान्सलर असताना मर्केलबाई त्यातून फिरायच्या. आता मधल्या खुर्च्या काढून तिथे पांढऱ्या गाद्या लावल्यात.

एका उड्डाणात 31 पॅराबोला, म्हणजे कमानीसारख्या वर-खाली झेपा, प्रत्येकात साधारण 22 सेकंद वजन नाही. त्याच्या आधी आणि नंतर वीसेक सेकंद 1.8 जी (1 जी म्हणजे जमिनीवरची नेहमीची ओढ), म्हणजे आपण जवळजवळ दुप्पट जड. तीन वैमानिक काम वाटून घेतात: एक नाकाचा कोन सांभाळतो, दुसरा पंखांचा तोल, तिसरा इंजिनाचा जोर. आई म्हणाली होती, "ओकायला इतक्या लांब कशाला जायचं?" प्रश्न रास्तच होता. ओकारी होऊ नये म्हणून स्कोपोलामाइन हे औषध देतात, पण शरीरक्रियेच्या अभ्यासकांनी इथे दोनदा विचार करावा. या औषधाने तोंड कोरडं पडतं आणि नाडीच्या नोंदीतही ढवळाढवळ होऊ शकते. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे प्रयोगाच्या आराखड्यातच ठरवलेलं बरं.

सुरक्षेचा काटेकोरपणा मात्र मला आवडला. प्रत्येक उपकरण जमिनीच्या रुळांना बोल्टने घट्ट, कोपऱ्यांना फोम. माणसांवरचा प्रयोग, त्यामुळे नैतिक समितीची मंजुरी आणि वैद्यकीय तपासणी हवीच.

सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर टरारून फुगताना दिसते तेव्हा सगळी कागदपत्रं वसूल होतात. खरी मेख वेगळीच आहे. 1.8 जीमध्ये रक्त आधीच पायांकडे ओढलेलं असतं, त्यामुळे पडद्यावरचा बदल 1.8 वरून शून्यावरचा असतो, जमिनीवरून शून्यावरचा नव्हे. म्हणून सरळ उडतानाची, बसून आणि आडवं होऊनची मोजमापं नसतील तर आलेख देखणा दिसेल, पण अर्थ लावता येणार नाही.

रक्ताभिसरण, तोल, हाताची पकड यांसाठी पाचपैकी साडेचार तारे. हाडांची झीज, स्नायूंचं वाळणं यांसाठी इथे फिरकूच नका. त्यांना महिने लागतात. जर्मनीतल्या कोलोनला वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून माणसांना 60 दिवस डोकं 6 अंश खाली ठेवून झोपवतात, तिथे अर्ज करा. आणि बोर्डोला जाणार असाल तर सोनोग्राफीचा प्रोब (मानेवर टेकवायचा भाग) धरणाऱ्याच्या पायांना पट्टे हवेतच, नाहीतर शीर शोधता शोधता तोच छताला लागेल.