जुन्या गाडीचा उन्हाळा: साधं पाणी की कूलंट?

विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा जुन्या मारुती 800 चा टेंपरेचरचा काटा पाहतच गाडी चालवावी लागते. 'रेडिएटरमध्ये पाणीच घाला, तेच जास्त थंड ठेवतं,' असं सांगणारे खूप. ते अगदी खोटंही नाही. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रसायनापेक्षा, सरसच आहे.

पण पाणी 100 अंशांना उकळतं आणि कूलंट-पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण 107 ला. रेडिएटर कॅपच्या दाबाने दोन्ही आकडे आणखी वर जातात, म्हणून कॅपचं रबर आधी तपासा. खरा फरक मात्र गंजाचा आणि क्षारांचा: साध्या पाण्याने ते आत धरतात, कूलंट त्यांना आवरतं. माझ्या गाडीत दोन वर्षं बोअरचं पाणी होतं. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत पांढरा खडूसारखा थर, आणि पाणी चहाच्या रंगाचं. रेडिएटरच्या बारीक नळ्या अशाच बुजतात. ऑटोमॅटिक गाडीत बहुधा गिअरबॉक्सचं तेलही याच रेडिएटरमध्ये थंड होतं, म्हणजे तोही तापणार.

मी कूलंटच वापरतो, आणि मिसळायला डिस्टिल्ड पाणी. शुद्ध कूलंट तसंच ओतू नका, ते उष्णता कमी वाहतं. वाटेत गाडी तापलीच तर मिळेल ते पाणी जरूर घाला, पण इंजिन थंड झाल्यावरच. घरी आल्यावर ते काढून टाका. सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते जीवघेणं विष आहे.