प्रोपेनचं फायर टेबल: अख्खा सीझन वापरल्यावर

आधी वस्तू काय आहे ते. पावडर कोटिंग केलेलं चौकोनी पत्र्याचं टेबल, मध्ये स्टेनलेस स्टीलचा बर्नर, ताकद तासाला ५०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). पोटात २० पौंडांचा सिलिंडर बसतो, बर्नरवर काचेचे तुकडे पसरायचे आणि वाऱ्यासाठी चारी बाजूंना काचेचा आडोसा. अमेरिकेत पॅटिओचं सामान विकणाऱ्या कुठल्याही मोठ्या दुकानात अशी बरीच मॉडेलं मिळतात आणि पत्र्याच्या आत सगळी भावंडंच. म्हणून इथे ब्रँडचं कौतुकही नाही आणि निंदाही नाही. न्यू जर्सीत सप्टेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत वापरून झालेलं मत असं, की या टेबलात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. जे बिघडतं ते बहुतेक वेळा हवेची वाट अडल्यामुळे किंवा पाणी साचल्यामुळे.

उबेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. गॅसच्या ज्योतीची बरीचशी उष्णता सरळ वर निघून जाते. टेबलापासून तीन-चार फुटांत बसलं तर गुडघे आणि हात मस्त शेकतात, पाठ मात्र गारच. ऑक्टोबरातल्या कोजागिरीला शाल पुरते; जानेवारीत वारा असेल तर जाडजूड जाकीट घालूनच बसावं लागतं. लाकडाच्या शेकोटीसारखी धग हवी असेल तर हे टेबल घेऊ नका. धूर नको, राख नको, नॉब फिरवला की बंद व्हायला हवं, तर घ्या.

घेण्याआधी जागा बघायची. अपार्टमेंट किंवा काँडोची बाल्कनी असेल तर विषय जवळपास तिथेच संपतो. अनेक ठिकाणच्या फायर कोडमध्ये अशा इमारतींच्या लाकडी बाल्कनीवर २० पौंडांचा सिलिंडर ठेवायलाच मनाई आहे, आणि उघड्या ज्योतीसाठी जळू शकणाऱ्या बांधकामापासून १० फुटांचं अंतर मागतात. टाउनहाउसवाल्यांनी एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) नियम आणि घराची विमा पॉलिसी दोन्ही वाचावी. स्वतंत्र घर असेल तर मॅन्युअलमधले अंतराचे आकडे हाच कायदा समजा. ते मॉडेलप्रमाणे बदलतात. बाजूला तीन ते पाच फूट आणि वर सात-आठ फूट मोकळं, असे साधारण असतात. भिंतीचं व्हिनाइल सायडिंग आगीशिवायही नुसत्या धगीने वाकडं होतं, कंपोझिट डेकच्या फळ्या मऊ पडतात. कापडी छत, मोठी छत्री, पर्गोलावर सोडलेले दिव्यांचे सर, यांच्याखाली नको. गराज आणि जाळीबंद पोर्च तर मुळीच नको, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि खरेदी करताना तळाची पाटी बघा: त्यावर सीएसए या तपासणी संस्थेचा शिक्का आणि एएनएसआय झेड२१.९७ हा अमेरिकी मानक क्रमांक नसेल तर स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

जोडणीला दोन माणसं आणि तासभर वेळ. पाय आणि पॅनेल बसले की स्पिरिट लेव्हल लावून टेबल समतल करा. सिलिंडर आतल्या कड्यात उभाच बसला पाहिजे आणि कड्याचा स्क्रू आवळलेला पाहिजे. तिरक्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रव प्रोपेन नळीत येऊ शकतं. नळी बर्नरच्या भांड्याच्या बुडाला टेकत नाही ना, हे खाली वाकून, टॉर्च मारून बघा. पॅनेलच्या खालच्या कडेला ज्या फटी असतात त्या शोभेच्या नाहीत. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. गळलंच तर खाली बसतं आणि त्या फटींतून बाहेर पडतं. पानं आत येतात म्हणून त्या फटी चिकटपट्टीने बंद करणारे लोक आहेत. टेबलाचा सगळ्यात महत्त्वाचा सुरक्षेचा भाग ते स्वतःच्या हाताने निकामी करतात.

रेग्युलेटर बसवणं भारतातल्यासारखं खटका दाबून नाही. इथे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बाहेरून जाड आटे असतात आणि रेग्युलेटरची प्लास्टिकची चाकी उजवीकडे फिरवून हातानेच घट्ट करायची. पाना लावू नका. ती चाकी मुद्दामच प्लास्टिकची आहे: आगीने फार तापली तर वितळते आणि गॅस बंद पडतो. आतली रबरी चकती चिरलेली दिसली तर सिलिंडर बदलून घ्या.

मग साबणपाणी. भांडी घासायचा लिक्विड सोप एक भाग, पाणी दोन-तीन भाग, जुना ब्रश. टेबलाचा नॉब बंद, सिलिंडर उघडा, आणि सिलिंडर-रेग्युलेटर, रेग्युलेटर-नळी, नळी-नॉब या तिन्ही सांध्यांवर लावा. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे. सिलिंडर बंद करून सांधा पुन्हा आवळा, पुन्हा तपासा. तरी बुडबुडे आले तर टेबल वापरू नका. काडी पेटवून गळती शोधायची नाही, हे अजूनही सांगावं लागतं. ही चाचणी दर सिलिंडर बदलताना करायची. दोन मिनिटांचं काम आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर सिलिंडर बंद, आसपासची प्रत्येक ज्योत बंद. वास राहिलाच तर लांब जाऊन ९११.

पेटवताना वरचं झाकण आणि कव्हर काढलेलं, सिलिंडर अगदी हळू उघडायचा, नॉब दाबून धरायचा आणि ठिणगीचं बटण दाबायचं. ज्योत आल्यावरही नॉब पंधरा-वीस सेकंद दाबूनच ठेवा. ज्योतीत बसवलेलं थर्मोकपलचं टोक तापलं की त्यातून काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तीच आतला व्हॉल्व्ह उघडा धरते. वाऱ्याने ज्योत विझली तर टोक गार होतं आणि गॅस आपोआप थांबतो. नॉब सोडला की विझतंय, अशी तक्रार बहुतेकांची असते. त्यात दहापैकी आठ वेळा ते टोक काचेच्या तुकड्यांखाली गाडलं गेलेलं असतं किंवा त्यावर काजळी बसलेली असते. तुकडे बाजूला सारा, गार टोक बारीक सँडपेपरने हलकेच पुसा. पेटलं नाही तर लगेच दुसरा प्रयत्न नको. पाच मिनिटं थांबा. भांड्यात साठलेला गॅस एकदम पेटला की भुवया जातात. ठिणगीच येत नसेल तर आधी ‘एएए’ बॅटरी बदला.

ज्योत पेटते पण बोटभरच उंच राहते, सिलिंडर तर भरलेला? हा सगळ्यांना कोड्यात टाकणारा प्रकार. नॉब उघडा असताना सिलिंडर झटकन उघडला की आतली सुरक्षा यंत्रणा नळी तुटली असं समजून प्रवाह अगदी बारीक करते. दोन्ही बंद करा, रेग्युलेटर काढा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा लावा, सिलिंडर सावकाश उघडा. नवा रेग्युलेटर मागवण्याआधी हे करून बघा.

गॅस किती खातं? एक पौंड प्रोपेन म्हणजे साधारण २१,५०० बीटीयू. २० पौंडांत ४,३०,००० होतात, म्हणजे पूर्ण ज्योतीवर साडेआठ तास. पण दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून जो भरलेला सिलिंडर मिळतो त्यात बऱ्याचदा १५ पौंडच असतात, म्हणजे साडेसहा तास. प्रोपेन भरून देणाऱ्या ठिकाणी आपलाच सिलिंडर भरून घेतला तर पैशांचं नीट मोल मिळतं. किती उरलंय ते वजनानेच कळतं. सिलिंडरच्या दांड्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १७ पौंडांच्या आसपास. बॅग मोजायच्या काट्याला अडकवा, त्यातून ते वजा करा, उरलं ते प्रोपेन. सोसायटीतली पाहुणेमंडळी यायची असतील तर हा हिशोब दुपारीच करून ठेवावा.

थंडीबद्दल एक खुलासा. भारतातल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन बरंच असतं आणि ते शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. इथलं प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, त्यामुळे इथल्या हिवाळ्यात ते गोठत वगैरे नाही. पण द्रवाची वाफ होताना सिलिंडर स्वतःच गार पडत जातो. अर्धा रिकामा सिलिंडर, उणे दहा तापमान आणि ज्योत पूर्ण, असं असेल तर बाहेरून दव किंवा बर्फाचा पट्टा धरतो आणि ज्योत खाली बसते. अशा वेळी ज्योत कमी करा किंवा भरलेला सिलिंडर लावा. त्याला ब्लँकेट गुंडाळणं, हीटर लावणं असले उद्योग नकोत.

आता पाणी. पाऊस किंवा बर्फ वितळून भांड्यात गेला की बर्नरच्या छिद्रांत पाणी शिरतं, ज्योत उड्या मारते, सुरुवातीला फटफट आवाज येतो. भांड्याच्या तळाला पाणी निचऱ्याचं भोक असतं. काचेचा एखादा तुकडा त्यात अडकला की संपलं, खाली गंज धरतो. लावा रॉक वापरत असाल तर ते पाणी शोषतात, म्हणून ओले असताना पंधरा-वीस मिनिटं मंद ज्योतीवर वाळू द्या आणि माणसांना लांब बसवा. नदीतले गोटे कधीच घालू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. काचही फायर टेबलसाठीची टेंपर्ड हवी, आणि बर्नरवर अर्धा-पाऊण इंच थर बास. सुंदर दिसावं म्हणून तीन इंच चढवली की गॅस अडतो आणि काजळी सुरू. कव्हर घालायचं ते सगळं हाताला गार लागल्यावर, किमान तासाभराने. आडोशाच्या तापलेल्या काचेवर पाणी पडू देऊ नका.

काजळी हे हवा कमी पडत असल्याचं लक्षण. या टेबलांची ज्योत पिवळीच असते, तिचं घाबरण्यासारखं काही नाही. टोकाला काळा धूर आणि काचेवर काळे ठसे दिसले की मात्र बर्नरच्या खालचा हवा मिसळायचा पितळी तुकडा बघा. त्याच्या भोकांत कोळी जाळं करतात. प्रोपेनला दिलेला वास काही कोळ्यांना आवडतो म्हणतात. ते काहीही असो, माझदाने २०११ साली इंधनाच्या टाकीच्या हवेच्या नळीत ‘यलो सॅक’ कोळ्यांची जाळी सापडली म्हणून हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, तेव्हा हा प्रकार थट्टेचा नाही. जाळं असेल तर ज्योत भांड्याच्या खाली, मिसळायच्या जागीच पेटू शकते. खालून फुरफुर आवाज किंवा उजेड आला तर त्या क्षणी सिलिंडर बंद. साफसफाईला पाइप क्लीनर किंवा हवेचा झोत. बारीक छिद्रात तार घालून ते मोठं करू नका. दर सप्टेंबरात, पहिल्यांदा पेटवण्याआधी, हे करायचंच.

काचेवरचे पांढरे डाग कडक पाण्याचे असतात, काजळी वेगळी. दोन्हीला पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, चाळणीत घोळून, पूर्ण वाळवून परत.

कणसं भाजायचा मोह प्रत्येक मराठी घरात होणार. टेबल त्यासाठी नाही. तूप, मीठ-लिंबू, मार्शमेलोची साखर, सगळं बर्नरच्या छिद्रांवर जळून बसतं. कणसांना ग्रिल आहे. दिवाळीत नायलॉनची ओढणी किंवा साडीचा पदर सुटा सोडून कोणी या टेबलावर वाकू नये. काचेचा आडोसा लहान मुलांच्या बरोबर हाताच्या उंचीला येतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजतो.

उन्हाळ्यात सिलिंडर काढून बाहेरच, सावलीत, उभा ठेवा. गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नाही. नळीचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधा. वसंतात नळी वाकवून बघा: चिरा, उंदराचे दात, चिकट मऊ जागा दिसली तर रेग्युलेटरसकट त्याच रेटिंगची नवी घ्या. घरच्या नॅचरल गॅसवर टेबल लावायचं असेल तर त्याचा दाब कमी, छिद्र मोठं, रेग्युलेटर वेगळा. त्या मॉडेलचं कन्व्हर्जन किट आणि लायसन्सवाला प्लंबर याशिवाय हात घालू नका.