रासाजिलीन १ मिलिग्रॅम: कंपवातावर चांगली, फवारणीच्या विषावर निरुपयोगी

वापरायला रासाजिलीनहून सोपी गोळी कंपवातात नाही. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. सुरुवातीच्या टप्प्यात अंगाचा ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा थोडा उतरतो. कंपवाताचं मुख्य औषध लेव्होडोपा, त्याचा जोर मात्र हिच्यात नाही. याच गटातली जुनी गोळी सेलेजिलीन सकाळी आणि दुपारी ५-५ मिलिग्रॅम घ्यावी लागते, कारण शरीरात तिचे अँफेटामीन या उत्तेजकाच्या जातीचे अंश तयार होतात आणि संध्याकाळी घेतली तर झोप उडते. ती कटकट इथे नाही.

‘मेंदूच्या पेशी वाचवते’ म्हणून कोणी ती देत असेल, तर तिथे थांबा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेणाऱ्या काही तरुणांचं अंग एकाएकी आखडलं. त्या हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं. मेंदूतलं एमएओ-बी हे एन्झाइम त्यापासून एमपीपी-प्लस हे विष बनवतं, आणि ते डोपामीन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींत शिरून त्यांची ऊर्जा तोडतं. एमएओ-बी आधीच अडवलं की प्राण्यांमध्ये पेशी वाचतात. रासाजिलीन तेच अडवते. माणसांचं तसं नाही. रासाजिलीनच्या अडाजिओ चाचणीत (२००९, १,१७६ रुग्ण) १ मिलिग्रॅम लवकर सुरू करणारे ७२ आठवड्यांनी उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा किंचित बरे दिसले, २ मिलिग्रॅमवाले दिसलेच नाहीत. डोस दुप्पट केल्यावर गायब होणाऱ्या फायद्यावर किती विसंबायचं?

रावेर-यावलच्या केळीत पॅराक्वाट हे तणनाशक मारणारे त्याच्या विषापासून मेंदू वाचवायला ही गोळी घ्यायचा विचार करत असतील, तर मुद्दा आणखी सरळ आहे. पॅराक्वाटची रचना एमपीपी-प्लसशी मिळतीजुळती, पण विषारी व्हायला त्याला एमएओ-बी लागतच नाही. त्यामुळे फवारणीआधी ही गोळी घेऊन काही साधत नाही. गळका पंप पाठीवर घेऊ नका, शर्ट भिजला की लगेच बदला, फवारणीचं औषध मिसळताना रबरी हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल ठेवा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका.

गोळीचा खरा धोका मेडिकलच्या काउंटरवर आहे. गुडघेदुखीला ट्रॅमाडॉल किंवा कोरड्या खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप घेतलं, तर ताप, थरथर, गोंधळ, रक्तदाबाचे चढउतार होऊ शकतात. ही औषधं हिच्यासोबत चालतच नाहीत. जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं की रासाजिलीन यकृतात नीट मोडत नाही आणि रक्तात जवळपास दुप्पट साचते. तेवढे दिवस डॉक्टर डोस ०.५ मिलिग्रॅमवर आणतात. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पेथिडीन हे वेदनाशामक द्यायचं असेल तर ही गोळी किमान १४ दिवस आधी बंद झालेली हवी, म्हणून ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञाला स्ट्रिपच दाखवा.