पाकळ्यांचे मणी, ‘माल आम्हीच घेऊ’ची हमी आणि बुडालेली अनामत

घरबसल्या पेन्सिल पॅकिंगच्या नावाखाली जी लूट चालते, तीच आता गुलाबाच्या पाकळ्यांपासून वळलेल्या मण्यांच्या नावाने चालू आहे. आधी अडीच हजार रुपये अनामत भरायची, मग घरी किट येतं. सात दिवसांत हजार मणी करून द्यायचे आणि मण्यामागे तीन रुपये मिळवायचे. पहिले शंभर मणी हे भामटे मुकाट्याने घेतात, पैसेही लगेच पाठवतात. मग ‘मोठी ऑर्डर’ येते, अनामत चौपट होते आणि त्या खेपेपासून सगळा माल ‘रिजेक्ट’ होतो.

करारातल्या मालाच्या अटी अशा असतात: आकार ८ मिमी, फरक जास्तीत जास्त ०.२ मिमी, रंग गुलाबी, मुदत सात दिवस. ज्याने हे मणी एकदा तरी वळले आहेत त्याला या ओळीतच डाव दिसेल.

खरा मणी कसा होतो ते पाहा. गावठी गुलाबाच्या ताज्या पाकळ्या घ्यायच्या, देठाकडचा पांढरा भाग खुडायचा, मिक्सरमध्ये शक्यतो पाणी न घालता वाटायच्या. हा लगदा लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर रोज तासभर, असा तीनेक दिवस आटवायचा. वाफ यावी, उकळी नको. लोखंडी विळीवर चिरलेलं वांगं जसं काळं पडतं तसाच हा लगदा काळा होतो, कारण पाकळीतलं टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होतो. स्टीलच्या भांड्यात आटवला तरी तो तपकिरीच होतो. गुलाबी रंग राहतच नाही. म्हणजे रंगाची अट पाळणं कुणालाही शक्य नाही.

आकाराचंही तेच. मणी वाळताना त्याचा व्यास तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटतो. ८ मिमीचा मणी हवा तर ओली गोळी १२ ते १६ मिमीची वळावी लागते. नेमका किती घटेल हे लगद्यात किती पाणी उरलंय त्यावर ठरतं, त्यामुळे दोन घाण्यांचे मणी तंतोतंत जुळत नाहीत. भोकही आक्रसतं, म्हणून जाड सुईने टोचायचं. गंजणारी तार नको, स्टीलची टाचणी घ्यायची आणि मणी रोज तिच्यावर फिरवायचा, नाहीतर तो तिथेच चिकटतो.

आणि मुदत? सावलीत वाळायला आठवडा ते दोन आठवडे, पावसाळ्यात त्याहून जास्त, शिवाय बुरशीची धास्ती. घाईने उन्हात ठेवला की बाहेरचं कवच आधी सुकतं, आत ओल राहते आणि मणी तडकतो. हजार मण्यांना साफ केलेल्या ताज्या पाकळ्या ढोबळमानाने दोन किलो तरी लागतात. एक मणी वळून टोचायला मिनिट धरलं तरी नुसती वळणावळच सोळा-सतरा तासांची.

किटमधली ‘पाकळ्यांची पावडर’ बहुतेक वेळा लाकडाचा भुसा, अगरबत्तीला लागणारं जिगट, गुलाबी रंग आणि भडक अत्तर एवढीच निघते. चमचाभर पावडर पेलाभर पाण्यात टाका, लगेच भडक गुलाबी रंग सुटला तर त्यात वरून रंग घातल्याचा संशय घ्या. त्यांच्याकडून एक तयार नमुनाही मागा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. खरा मणी फुगतो, मऊ पडतो. गुलाबी असूनही ज्याला काहीच होत नाही तो पॉलिमर क्लेचा. त्याला तापलेली सुई लावली की प्लास्टिकचा वास येतो. नमुना द्यायलाच टाळाटाळ झाली तर बोलणं तिथेच थांबवा.

माल नाकारल्यावर व्हॉट्सअपवर ‘कायदेशीर नोटीस’ येते, वर अशोकस्तंभ, खाली शिक्के, आणि करारभंगाचा दंड. घाबरून तो भरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात छापलेला दंड आपोआप वसूल होत नाही, जास्तीत जास्त त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाई मिळते, आणि ती ठरवायचं काम कोर्टाचं. मात्र हमी म्हणून सही केलेला कोरा चेक कधीच देऊ नका. तो वटला नाही तर चेकसंबंधीच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ चं वेगळंच झेंगट मागे लागतं. दिला असेलच, तर बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगून लगेच वकिलाला भेटा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, कराराची प्रत जपून ठेवा. किटची उरलेली पावडरही वैतागून फेकू नका. पाकीट बंद करून त्यावर तारीख घाला आणि तक्रार देताना सोबत न्या. ‘पाकळ्या’ म्हणून भुसा विकल्याचा पुरावा तोच आहे.