मासे-प्रवाळ ठेवायच्या मोठ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाला काय टाकावं, नदीची रेती की अ‍ॅरागोनाइट (विकत मिळणारी चुनखडीची समुद्री रेती)?

भाऊ, तुमची टाकी सहा फूट बाय दोन फूट, म्हणजे दोन इंचाचा थर द्यायचा तरी जवळपास ९० किलो माल लागते.

खर्चात तर तुलनाच नाही. वैनगंगेची रेती गावात कोणाच्या घराचं काम सुरू असलं की चार-पाच घमेले मागून आणता येते, अ‍ॅरागोनाइट मात्र पिशव्यांतून विकत घ्या आणि वरून भाडंही भरा.

मेहनत रेतीला लय आहे. आधी चाळा, मग पाणी निवळशंख होईपर्यंत धुवा, वाळवून चुंबक फिरवा कारण काळे लोखंडी कण निघतात आणि ते खाऱ्या पाण्यात नको. हे टाळू नका, खरंच.

पीएचचं म्हणाल तर अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खालच्या थरात आम्लता वाढली की थोडं थोडं विरघळते आणि पाण्यात कॅल्शियम सोडते, पण तेवढ्यावर प्रवाळ पोसल्या जात नाही, पाणी बदलणं आणि क्षारता (आम्लता झेलायची पाण्याची ताकद) तपासणं आहेच. आपली रेती बहुतेक गारगोटीची, ती विरघळत नाही म्हणून वर्षानुवर्षं टिकते. व्हिनेगर टाकून पाहा, अ‍ॅरागोनाइट फसफसते.

समुद्रावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचा विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत.

नुसते मासे ठेवायचे आणि हात आखडता असेल तर धुतलेली रेतीच घ्या. प्रवाळ किंवा रेतीत बीळ करणारे गोबी मासे ठेवायचे असतील तर बारीक अ‍ॅरागोनाइट, नुसत्या प्रवाळाला थर एक इंचाचा दिला तरी चालते, पण गोबींना बीळ करायला दोन-तीन इंच तरी लागते.