डोंग्याच्या इंजिनाची सर्व्हिसिंग : घरी करावी का नागपूरले न्यावी?

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात इंजिन लावलेले डोंगे आता बरेच दिसतात, आणि नवीन इंजिन घेतलं की सवाल तोच, सर्व्हिसिंग आपणच करावी का मिस्त्रीकडे न्यावी. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं १५ एचपीचं टू-स्ट्रोक, तुमचं फोर-स्ट्रोक असेल तं थोडा फरक पडेल.

मिस्त्रीची बाजू पहिले. त्याच्याकडे पुलर, प्रेस, कॉम्प्रेशन गेज सगळं असते, आवाज ऐकून सांगते की प्लग गेला का कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे. मजुरीही काही लूट नाही. खरा खर्च नेण्या-आणण्याचा. पवनीहून नागपूर ऐंशीएक किलोमीटर, दोघांनी इंजिन उचला, पिकअपमध्ये पोत्यांवर आडवं टाका (फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर झोपवलं तं ऑइल सिलिंडरमध्ये उतरते, मॅन्युअलात कुस दिली असते ती पाहूनच झोपवा), आणि मंग "पार्ट आला की फोन करतो भाऊ" म्हणून तो सांगते अन् ऐन मासोळीच्या दिवसात आपला डोंगा वल्ह्यावर.

तरी हे मी चालवून घेतलं असतं. डोकं फिरवलं ते तंगूसानं, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं.

आपल्या पाण्यात फाटक्या जाळ्यांची काही कमी नाही. तो तंगूस पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागं शाफ्टवर गुंडाळते, वरून काहीच दिसत नाही, इंजिन मस्त चालून राहते, आणि आतमध्ये तो हळूहळू सील कापते. सील गेलं की गिअरच्या ऑइलात पाणी, ऑइल दुधाच्या चहासारखं पांढुरकं होते, आणि मंग बेअरिंग-गिअरचा खर्च विचारूच नका. तं एका साली मी इंजिन सर्व्हिसिंग करून आणलं, कव्हर चकाचक, प्लग नवा, बिलावर गिअर ऑइल पण लिहिलेलं. घरी सहज पंखा काढून पाहिला तं वॉशरच्या मागं जुना हिरवा तंगूस जसाच्या तसा! म्हणजे पंखा काढलाच नव्हता. मिस्त्री बेइमान होता असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे कदाचित जाळ्याच्या पाण्यातले इंजिन कमीच येत असतील. पण जे पंधरा-वीस दिवसांनी पाहाले लागते ते वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसाच्या भरवशावर कसं काय सोडावं?

आणि काम कठीण आहे असंही नाही. प्लगची कॅप काढा म्हणजे इंजिन चुकून चालू होणार नाही, पात्यात लाकडाचा गुटका अडकवा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट काढा, पंखा हातात. तंगूस ब्लेडनं कापू नका, सीलले लागते, टोक शोधून उलटा उलगडा. बसवताना शाफ्टले वॉटरप्रूफ ग्रीस आणि पिन नवीनच, दहा-वीस रुपयासाठी जुनी वाकवू नका.

गिअर ऑइल मॅन्युअल म्हणते १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, आपल्याकडे मले वाटते त्याच्या पहिलेच बदलावं. भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बुडबुडे संपून नुसतं ऑइल आलं की पहिले वरचा स्क्रू बंद, मंग खालचा. दोन्ही वॉशर नवे.

इम्पेलरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवाले पाणी ओढणाऱ्या रबरी चक्राच्या बाबतीत मी थोडा मधात आहे. नाग नदीची घाण आणि जलपर्णी, त्याच्यात त्या रबराचं लय हाल होते, इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली की समजून जा. खालचा भाग उतरवाले लागते आणि परत जोडताना गिअरचा रॉड बरोबर बसवाले लागते, म्हणून पहिल्या वेळेस कोणी जाणता माणूस बाजूले असलेला बरा. आणि किनाऱ्यावर चालू करून पाहायचं असेल तं पाण्याच्या ड्रममध्येच, सुकं चालवलं तं इम्पेलर तिथंच जळते.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोल-ऑइलचं सगळ्यांले माहीतच आहे, ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलले २० मिली ऑइल, फक्त मोटरसायकलचं टू-टी नको, टीसी-डब्ल्यू३ (डोंग्याच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) लिहिलेलंच घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओल धरते, म्हणून इंजिन बरेच दिवस ठेवाचं असेल तं पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवून बंद करा.

आता सील बदलणं, कॉम्प्रेशन, किंवा इंजेक्शनवालं इंजिन असेल तं त्याची वायरिंग, हे मी आजही मिस्त्रीकडेच नेतो, त्याच्यात आपला हात घालण्यात काही अर्थ नाही. तुमच्या घाटावर येणारा चांगला मिस्त्री असेल तं तुमचं गणित वेगळंही होऊ शकते. फक्त नागपूरले नेलंच, तं पंखा घरीच काढून पिशवीत वेगळा न्या.